लाइलची डावी बाजू

आइस हॉकीच्या धंद्यात ओरेस्ट हालिच्कोला गोल करण्यासाठी कुणी कधी बर्फावर उतरवलं नाही. साऱ्या कारकिर्दीत त्याने जे थोडेथोडके गोल केले, त्यांतला एक तर चकती त्याच्या ढुंगणावर आपटून आत गेली म्हणून झाला, आणि त्या वेळी तो भलत्याच कुणाच्या तरी नाकाकडे बघत होता. त्याचं काम वेगळं होतं. आपल्या चपळ, नाजूक पोरांना समोरच्या कुणी काठी मारली किंवा कठड्यावर चेपलं की ओरेस्टने बाकावरून उठायचं, त्या माणसापाशी जायचं, "येतोस?" म्हणून विचारायचं, हातमोजे बर्फावर टाकायचे आणि त्याला बडवायचं. अशा वेळी पंच मध्ये पडत नाहीत. दोघांतला एक खाली येईपर्यंत ते थांबतात, मग दोघांना पाच-पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत बसवतात आणि खेळ पुढे चालू होतो. आमच्या सस्कॅचवानच्या सपाट मुलखात असं काम करणाऱ्याला हॉटेलवाला कॉफी फुकट पाजतो, पण पोरीचा बाप त्याला दारात उभा करत नाही.

तो मूळचा झोरिया गावचा. बाप धान्याच्या कोठारावर कामाला, आणि वर तीन थोरले भाऊ. गुरांच्या तळ्यावर बर्फ धरला की चौघं खेळायचे आणि जो हरेल त्याने गोठ्यातलं शेण उपसायचं. ओरेस्ट सगळ्यांत लहान, त्यामुळे शेण कायम त्याच्याच वाट्याला. शेवटी त्याने चकतीच्या मागे धावणं सोडलं आणि भावांच्या मागे लागला. एका हिवाळ्यात तिघांचे ओठ फोडून झाल्यावर शेणाची वाटणी सारखी झाली. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसला तो तिथे.

कॅरागानाच्या ज्युनियर संघाचा माणूस त्याला बघायला आला. त्याने बापाला सांगितलं की पोरगं स्केटवर भरल्या गाड्यासारखं चालतं, वळायला त्याला अर्धं मैदान लागतं, पण तोंडावर ठोसा येताना डोळे मिटत नाही. बापाने विचारलं, हे चांगलं की वाईट? तो म्हणाला, "आमच्यासाठी चांगलं." आणि ओरेस्टला मोटारीत घालून घेऊन गेला.

बाहेरगावच्या खेळाडू पोरांना आमच्याकडे गावातली घरं आपसांत वाटून घेतात. ओरेस्ट स्टेफा वोइचिशिनच्या वाट्याला आला. स्टेफामावशी म्हणजे रेल्वेतल्या गार्डची विधवा, आणि चर्चच्या स्वयंपाकघरात पेरोग्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळणाऱ्या बायकांची मुकादम. तिचा आवाज त्या भटारखान्यातून थेट वेदीपर्यंत जायचा, आणि प्रवचन लांबलं की ती तो मुद्दाम तिथवर जाऊ द्यायची. तिच्या तळघरात दोन खाटा होत्या. एक भट्टीजवळची, उबेची. दुसरी खिडकीखालची, जिच्या उशाशी सकाळी बर्फाची भुकटी साचायची. उबेच्या खाटेवर उत्तरेच्या तळ्यांकडचा एक मेती, म्हणजे गोऱ्या आणि आदिवासी अशा मिश्र रक्ताचा, पोरगा आधीच बूट घालून पसरला होता. लाइल डेजारले त्याचं नाव.

"ती खाट माझी," ओरेस्ट म्हणाला.

"हो का?" लाइल छताकडे बघत म्हणाला. "मग तिच्यावर तुझा वास का नाही येत? शेणाचा?"

पुढचं सगळं मावशीने वरून ऐकलं. ती लाटणं घेऊन खाली आली तेव्हा एकाच्या तोंडात दुसऱ्याचा कान होता. तिने दोघांच्या पाठीत एकेक लाटणं घातलं आणि सांगितलं की रक्त सांडायचं असेल तर बाहेर अंगणात सांडा, हा गालिचा माझ्या लग्नातला आहे. मग दोघांच्या तोंडावर गोठलेल्या वाटाण्यांच्या पिशव्या ठेवल्या, आणि त्याच पिशव्यांतले वाटाणे जेवताना दोघांना वाढले.

त्या दिवसापासून दोघं एका ताटात जेवावं तसे राहिले. रोज संध्याकाळी गालिचा गुंडाळून ते मारामारीची तालीम करायचे. डाव्या मुठीत समोरच्याची जर्सी छातीशी आवळायची, त्याला आपल्याकडे ओढायचं, उजवा सोडायचा आणि नाकाच्या अलीकडे थांबवायचा. कधीकधी तो थांबायचा नाही. कुणाचा खांदा कुठे अडतो, कुणाची मान कधी आखडते, ठोसा टाकण्याआधी कोण श्वास धरतो, हे दोघांना एकमेकांचं इतकं ठाऊक झालं की लग्न झालेल्या माणसांनाही इतकं ठाऊक नसतं. लाइल बोलघेवडा होता. ठोशाठोशाला टोमणा मारायचा. ओरेस्टला टोमणा सुचायचा तो दुसऱ्या दिवशी न्याहारीला.

ज्युनियरच्या शेवटच्या हिवाळ्यात कुणाच्या तरी काठीचं पातं लाइलच्या डाव्या डोळ्यात गेलं. त्यात वैर असं काही नव्हतं, नुसती घाई होती. मावशी त्याला मोटारीत घालून मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पट्टी निघाली तेव्हा लाइल म्हणाला, थोडं धुकट दिसतं, जाईल. मावशीने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. ओरेस्टने विचारलं नाही. एका डोळ्याच्या माणसाला पैसे घेऊन खेळू देत नाहीत हा नियम दोघांनाही माहीत होता, आणि खेळाखेरीज दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं.

पुढे दोघं धंद्यात शिरले. ओरेस्टला रेडफर्नच्या संघाने घेतलं, लाइलला कॅरागानानेच ठेवलं. या दोन गावांच्या मधे आडवी पसरलेली गव्हाची शेतं सोडली तर काही नाही, आणि तरी एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. रेडफर्नची माणसं कॅरागानात लग्नाला गेली तरी स्वतःची दारू बरोबर नेतात. दोन्ही संघांनी आपापला गडी पोसला होता, आणि ओरेस्ट-लाइल समोरासमोर येणार म्हटलं की तिकिटं आठवडाभर आधी संपायची.

पहिल्या एकदोन मारामाऱ्या तळघरातल्यासारख्याच झाल्या. दातांचा हिशेब जवळजवळ सारखा राहिला. त्यानंतरची मात्र ओरेस्टच्या मनातून कधी गेली नाही. रेडफर्नच्या रिंकमध्ये, आपल्याच लोकांपुढे, त्याने लाइलच्या पकडीतून उजवा हात सोडवला आणि बाहेरून फिरवून आणला. समोरासमोर उभ्या माणसाच्या उजव्या हाताचा ठोसा दुसऱ्याच्या डाव्या गालावर येतो. येणारा ठोसा दिसला की माणूस मान आखडतो, दात आवळतो, निदान पापणी तरी मिटतो. लाइलने काहीच केलं नाही. तो मजेत ओरेस्टच्या आईबद्दल काहीतरी बोलत होता, आणि ठोसा बसला तेव्हाही त्याचं तोंड वाक्याच्या मध्यावर उघडंच होतं. जबडा सरकल्याचा आवाज ओरेस्टला मुठीतून कोपरापर्यंत जाणवला. लाइल गुडघ्यांवर आला. रेडफर्न नाचायला लागलं.

पेटीत दोघांच्या मधे नुसती काच होती. ओरेस्ट काचेच्या फटीपाशी सरकला.

"डावा गेलाय ना?"

लाइलने टॉवेलमध्ये रक्त थुंकलं. जबडा धरून म्हणाला, "तू तुझी मिनिटं मोज, हालिच्को."

एवढंच बोलणं झालं. नंतर ओरेस्टला कुठूनसं कळलं की दर शरद ऋतूत डॉक्टर जो अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो, तो लाइल पाठ म्हणतो. पण लाइलच्या तोंडून त्याने ते कधी ऐकलं नाही, आणि स्वतःच्या तोंडून कुणाला सांगितलंही नाही.

पुढच्या खेपेपासून ओरेस्ट लाइलशी डाव्या हाताने लढू लागला. फक्त लाइलशी. बाकी साऱ्या लीगला तो उजव्याने झोडायचा; मूझ रिव्हरच्या एका धटिंगणाच्या डोळ्याखालचं हाड त्याने उजव्याने आत खचवलं होतं, आणि त्या माणसाची बायको मोटारींच्या आवारात येऊन त्याच्या तोंडावर थुंकली होती. पण लाइल समोर आला की उजव्या हाताने नुसती जर्सी धरायची आणि मारायचं डाव्याने, म्हणजे ठोसा लाइलच्या उजवीकडून, त्याला दिसेल असा यायचा. ओरेस्टचा डावा म्हणजे निव्वळ शोभेचा. साहजिकच तो मार खायचा. भुवई फुटायची, ओठ फाटायचा, एकदा तर समोरचे दोन दात त्याने स्वतः बर्फावरून वेचून खिशात टाकले. रेडफर्नचे लोक वरून ओरडायचे, हालिच्को, उजवा घरी विसरलास का? कोच मर्व्ह हॉकेटने त्याला खोलीत घेऊन विचारलं की सगळ्यांना उजव्याने मारणारा तू, या एकासमोर तुझ्या हाताला काय रोग होतो? ओरेस्ट म्हणाला, जमत नाही. मर्व्हने समजूत करून घेतली की हा लाइलला घाबरतो. गावाचीही तीच समजूत झाली. ओरेस्टने ती पुसली नाही. घाबरट म्हणवून घेणं त्याला जड जायचं, फार जड जायचं, पण त्याने ते वर्षानुवर्षं गिळलं.

लाइलने स्वतःची सोय केली होती. मारामारी सुरू झाली रे झाली की तो डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही कोपरापाशी पकडायचा आणि चिमट्यासारखी धरून ठेवायचा. ती सुटली नाही की डावीकडून काही यायचा प्रश्नच नाही. लोकांना वाटायचं ही त्याची ढब आहे. पोरं रस्त्यात तिची नक्कल करायची.

कॅरागानात सामना असला की मारामारीनंतर दोघं मावशीकडे जेवायला जायचे. एकाचं नाक सुजलेलं, दुसऱ्याच्या हनुवटीला टाके. मावशी दोघांना कोबीच्या पानातला भात वाढायची, आणि ज्याने जास्त मारलं असेल त्याला भांडी घासायला लावायची. भांडी बहुतेक वेळा लाइलच घासायचा. जेवताना मावशी ओरेस्टला न विसरता लाइलच्या उजव्या हाताला बसवायची. तिला काय ठाऊक होतं ते तिचं तिलाच माहीत.

अशी वर्षं गेली. मार देऊन-खाऊन ओरेस्टचे हात संपले. उजव्या हाताची पेरं मागे सरकून बसली होती. सकाळी चमचा धरता यायचा नाही, कॉफीचा पेला तो दोन्ही तळव्यांत धरायचा. बायको होती, ती केव्हाच माहेरी गेली होती. जाताना म्हणाली होती की तुझ्या अंगाला हात लावला तर तू झोपेतसुद्धा मूठ वळतोस. मग एका शरद ऋतूत मर्व्हने रँडल फ्रीझन नावाचा नवा गडी आणला. दक्षिणेकडच्या, मारामारी पाप मानणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या वस्तीतला, घरातून पळून आलेला, मान म्हणजे खांबच. मर्व्हने ओरेस्टला सांगितलं की हा शेवटचा हिवाळा, याला तयार कर.

तयार करणं म्हणजे मारायला शिकवणं नव्हे. ते ज्याचं त्याला येतंच. जाणाऱ्या गड्याने येणाऱ्याला साऱ्या लीगची अंगं नीट सोपवायची असतात: कोण चावतो, कुणाचा खांदा निखळतो, कोण पडल्यावर लाथ मारतो, कुणाचा बाप याच महिन्यात गेला म्हणून त्याला या खेपेस हात लावायचा नाही. हे कागदावर येत नाही. बसमधल्या मागच्या बाकावर बसून एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. ओरेस्टलाही त्याच्या आधीच्या म्हाताऱ्याने असंच सोपवलं होतं. सांगितलेलं कुणाच्या नाशासाठी वापरायचं नाही, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. ते न सांगताच समजायचं असतं.

सगळ्यांबद्दल सांगून झालं. लाइल राहिला. ओरेस्ट खिडकीतून बाहेरचं पांढरं रान बघत बसला. न सांगावं तर रँडल उजव्या हाताचा, अंगात रेड्याचं बळ. एखाद्या दिवशी त्या पकडीतून हात निसटला आणि नकळत डावीकडून बसला, तर लाइल मरेल. सांगितलं तर निदान पोरगा जपेल. ओरेस्टने याचा विचार पुष्कळ दिवस केला होता.

"आणि डेजारले?" रँडलने विचारलं. सूर्यफुलाच्या बिया चघळून तो टरफलं कागदी पेल्यात थुंकत होता. "लोक म्हणतात, त्याच्यापुढं तुझी तंतरते, म्हातारबा."

"म्हणू दे. त्याच्याशी डाव्यानं लढायचं."

"डाव्यानं? का?"

"त्याला डावीकडचं दिसत नाही."

रँडलची जीभ थांबली. "म्हणजे, अजिबात?"

"अजिबात. म्हणून उजवा वापरायचा नाही. तो तुझी बाही धरेल, धरू दे. हिसकायची नाही. डाव्यानं मार, तो उजवीकडून बघेल, तुला चार देईल, तू दोन दे, आणि घरी ये. कळलं?"

"कळलं की," रँडल म्हणाला आणि त्याने पेल्यात थुंकलं.

आपण एवढं मोठं ओझं उतरवलं म्हणून ओरेस्टला बरं वाटलं. त्याला झोप लागली. पुढे कित्येक वर्षं त्याला त्या झोपेची चीड यायची.

हिवाळा संपत आला आणि बाद फेरीत रेडफर्नची गाठ कॅरागानाशी पडली. निर्णायक सामना रेडफर्नमध्ये होता. खोलीत रँडल कपडे चढवत होता. शेजारी व्हॅसलीनची बाटली होती. बरेच गडी कातडी फाटू नये म्हणून ते भुवयांना लावतात, ओरेस्टनेही आयुष्यभर लावलं. रँडलने भुवयांना लावलं, गालांना लावलं, मग जर्सीच्या उजव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत चोळलं. ओरेस्ट बुटांच्या नाड्या ओढत होता. त्याने ते पाहिलं आणि बोटं पुसतोय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या डावात लाइलने रेडफर्नच्या एका पोराला कठड्यावर दाबलं. खेळातलंच होतं, फार काही नाही. मर्व्हने रँडलच्या पाठीवर थाप मारली. रँडल उतरला, लाइलपाशी गेला, हातमोजे टाकले. लाइल हसला आणि त्याने नेहमीप्रमाणे त्याची बाही पकडली. बाही निसटली. त्याने पुन्हा पकडली. पुन्हा निसटली. त्या क्षणी ओरेस्टला बाटली आठवली. तो बाकावरून उभा राहून ओरडला, पण सगळं रेडफर्न त्याच वेळी ओरडत होतं.

रँडलने मुद्दाम एक पाऊल लाइलच्या डावीकडे टाकलं आणि उजवा सोडला. पहिला ठोसा कानशिलावर बसला. लाइल तोंड फिरवून त्याला शोधू लागला, तसा रँडल आणखी डावीकडे सरकला. दुसरा ठोसा तिथेच. तिसरा. लाइलचे हात हवेत चाचपडत होते. अंधारात भिंत शोधावी तसे. त्याचा तो आंधळा हात एकदा रँडलच्या छातीला लागला आणि त्याला वाटलं सापडला, त्याने तिकडे मूठ फेकली, पण तिथे कुणी नव्हतं. हेल्मेट उडालं. नाकातून, कानातून रक्त आलं. लाइल खाली यायला लागला तेव्हा रँडलने त्याची कॉलर धरून डोकं वर ठेवलं आणि मारत राहिला, मग सोडलं. डोकं बर्फावर आपटलं त्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. तरीही रँडल त्याच्यावर गुडघा ठेवून मारत होता. दोन पंचांनी त्याला ओढून काढलं तेव्हा लाइलचे पाय नुसते थरथरत होते आणि बर्फावर लाल डबकं पसरत होतं. आता मात्र रिंक गप्प झालं होतं.

रँडल हात वर करून पेटीकडे निघाला. ओरेस्टने कठड्यावरून उडी टाकली. मर्व्ह मागून काहीतरी म्हणाला. ओरेस्ट पंचांच्या मधून गेला, रँडलच्या समोर थांबला आणि त्याने दोन्ही हातमोजे बर्फावर टाकले.

"येतोस?"

रँडलने आधी हसून बघितलं. "काय रे म्हातारबा? आपण एकाच जर्सीत आहोत."

"येतोस का, म्हणतोय."

"तूच तर सांगितलंस—"

ओरेस्टने त्याला पुढे बोलू दिलं नाही. उजव्या हाताचा पहिला ठोसा त्याने त्याच्या तोंडावर घातला तेव्हा रँडलचे दात गेले आणि ओरेस्टच्या मुठीतलं काहीतरी फुटलं. दुसऱ्याला आणखी फुटलं. दुखत होतं, पण ते दुखणं त्याला हवं होतं. रँडल तगडा होता, त्यानेही दिले. ओरेस्टचं नाक एका बाजूला गेलं, कातडीचं एक लक्तर भुवईवरून डोळ्यावर लोंबू लागलं, आणि तो मारत राहिला. रँडल पडला. पडलेल्याला मारायचं नसतं. म्हणून ओरेस्टने त्याला कॉलरीला धरून उभा केला आणि मग मारला. पुन्हा पडला, पुन्हा उभा केला. "उठ," एवढंच तो म्हणत होता. स्वतःचेच सोबती त्याच्या पाठीवर चढले, दोन्ही पंच, दारावरचा रखवालदार, सगळे त्याला ओढत होते. एकाच रंगाच्या जर्सीतली दोन माणसं एकमेकांना फाडताहेत असं रेडफर्नने कधी पाहिलं नव्हतं. कुणी टाळी वाजवावी, कुणी शिवी द्यावी, हे कुणालाच कळेना. शेवटी त्यांनी ओरेस्टला बर्फावर पालथा घातला तेव्हा त्याचा चेहरा लाइलच्या रक्ताच्या डबक्यात होता, आणि लाइलला स्ट्रेचरवरून घेऊन गेले होते.

लीगने त्याला जन्मभरासाठी बाहेर काढलं. रँडलला काही सामने बसवलं, कारण त्याने जे केलं ते शेवटी खेळात बसत होतं. ओरेस्टच्या उजव्या हाताची हाडं डॉक्टरांनी तारेने बांधली आणि सांगितलं की या हाताने आता शर्टाची बटणं लावलीस तरी पुष्कळ.

लाइल जगला. कवटीला चीर होती, जबडा तारेने बंद केलेला. तपासताना इस्पितळातल्या डॉक्टरांना दिसलं की डावा डोळा आजचा गेलेला नाही, जुना आहे. त्यामुळे कॅरागानानेही त्याला मोकळं केलं. पंधरवड्याने ओरेस्ट त्याला भेटायला गेला. मावशी दारातच भेटली. तिच्या हातात डबा होता, पातळ बोर्शचा, बिटाच्या साराचा; जबडा बंद माणूस तेवढंच घेतो. तिने ओरेस्टचा बांधलेला हात उचलून बघितला आणि खाली ठेवला.

"त्याला वाटतंय, कुठल्यातरी डॉक्टरानं गुपित फोडलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तक्ता वाचून घेणाऱ्या. तसंच वाटू दे त्याला. तू त्याच्यासाठी किती केलंस ते मी सांगितलंय त्याला. ऐकतोयस ना?"

ओरेस्ट ऐकत होता. तसं करणं सोपं होतं. साऱ्या मुलखात त्याचं नाव आता मित्रासाठी धंदा सोडणारा माणूस म्हणून घेतलं जात होतं. ज्या कॅरागानात त्याच्या नावाने शिव्या द्यायचे तिथल्या हॉटेलात त्याचा फोटो लागला होता. आणि लाइलखेरीज त्याचं होतं तरी कोण? एक शब्द न बोलता तो आत जाऊ शकला असता, खुर्ची ओढून बसला असता, आणि जन्मभर दोघं असेच बसले असते. त्याला तेच हवं होतं. बाकी काही नको होतं.

लाइल उशीला टेकून पडला होता. ओरेस्ट त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला, दिसेल असा. लाइलने त्याचं वाकडं नाक बघितलं.

"शोभतंय," तो तारांमधून म्हणाला. दात मिटलेले असल्यामुळे शब्द शिटीसारखे येत होते. "आधी अगदीच... सरळ होतं."

ओरेस्टला हसता आलं नाही.

"त्या पोरानं बाहीला काहीतरी चोळलं होतं," लाइल म्हणाला. "मुद्दाम डावीकडं गेला. त्याला माहीत होतं. कुणा डॉक्टरानंच फोडलं असणार."

दारात मावशीच्या हातातला डबा वाजला.

"मी सांगितलं," ओरेस्ट म्हणाला.

लाइल बघत राहिला. एकच डोळा, तोही सुजलेला, पण नजर हलली नाही. ओरेस्टने सांगून टाकलं: बसमध्ये, हिवाळ्याच्या सुरुवातीला, त्याने जपावं म्हणून. तू मरू नयेस म्हणून. ऐकताना त्याचं त्यालाच ते पोकळ वाटलं. मग तो थांबला आणि उभा राहिला. लाइलने थुंकावं, हाकलावं, काहीही करावं, त्याची तयारी होती.

"इतकी वर्षं तू माझ्याशी डाव्यानं लढलास," लाइल म्हणाला.

"हो."

"लोक तुला भित्रा म्हणायचे."

"हो."

"आणि एका बसमध्ये सगळं घालवलंस, गाढवा."

ओरेस्टच्या डोळ्यांतून पाणी आलं. लहानपणी भावांनी मारलं तेव्हाही कधी आलं नव्हतं. लाइलने तोंड छताकडे फिरवलं. मग त्याने हात उचलून पलंगाच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूला दाखवलं.

"खुर्ची तिकडं घे. डावीकडं."

"तिकडून तुला मी दिसणार नाही."

"माहितीये मला."

ओरेस्टने एका हाताने खुर्ची उचलली, पलंगाला वळसा घातला आणि डावीकडे ठेवली. तिथून त्याला लाइलचा मेलेला डोळा दिसत होता आणि डोक्यावरचे टाके. आपलं तोंड बघायचं नाही म्हणून तिकडे घातलंय, की आजवर कुणालाही येऊ दिलं नाही तिथे आणून बसवलंय, हे त्याला कळेना, आणि विचारायची छाती झाली नाही.

दार त्याच बाजूला होतं. थोड्या वेळाने नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन आत आली. लाइलला ती दिसली नाही. तिने त्याचा दंड धरायला हात पुढे केला, तसा ओरेस्ट पुढे झुकला.

"डावीकडून सुई येतेय," तो म्हणाला.

लाइलने मान वळवली नाही. दात आवळले, दंड सैल सोडला, आणि पापणी मिटली.